पडद्याचे दोन घाणे

पडदा टांगून बघायचा दिवस ठरला, तेव्हाच थोरल्या वहिनीने जाहीर केलं होतं की आपण तिकडे फिरकणारसुद्धा नाही. त्या दिवशी टांगणीच्या खोलीत सगळ्यांच्या आधी येऊन बाकावर बसली होती ती तीच. मधलीने, तिच्या नणंदेने, आत येऊन तिला पाहिलं आणि पडदा वर ओढायच्या कप्प्यांचे दोर तपासायला घेतले. आज जे व्हायचं ते बघायचा हक्क घरातल्या प्रत्येकाला होता.

"काल गोदामवाला परत येऊन गेला," वहिनी म्हणाली.

"माहीत आहे मला."

"यांनी त्याला आज संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलंय. मी काही बोलले नाही, वन्सं. मला विचारतंय कोण?"

"पडदा पास झाला की त्याला यायचं कारणच उरणार नाही."

"मीही तेच म्हणतेय," वहिनी म्हणाली. ती तसं म्हणत नव्हती, आणि हे दोघींनाही ठाऊक होतं.

गोदामवाल्याला अख्खं आवार हवं होतं. वरची शेड थोरल्या भावाची, खालची धाकट्याची, आणि दोन्हींच्या मध्ये मधलीची खोली. बॉयलर वरच्या शेडमध्ये, आणि त्याची वाफ नळाने खालच्या शेडला जायची. म्हणजे थोरल्याने विकलं की धाकट्याचे रंगाचे हौद आपोआप थंड. थोरला विकायच्याच विचारात होता. दोन भावांना एकमेकांशी बोलता येत नाही, तर रंगाचा धंदा कुणासाठी ओढायचा, असं त्याचं म्हणणं. तेवढ्यात नव्या सभागृहाची ही ऑर्डर आली, आणि मधलीने दोन्ही शेडमध्ये चपला झिजवून एक ठराव करून घेतला. हा पडदा दोघांनी मिळून करायचा. पसंत पडला तर खुर्च्यांचं कापड आणि बाजूचे पडदेही इथूनच जातील, मग विकायची गोष्ट कायमची बंद. नाही पडला, तर गोदामवाल्याला हो म्हणायचं आणि त्यावर धाकट्याने हूं की चूं करायचं नाही.

दोघांनीही मान्य आहे म्हणून निरोप धाडला. अर्थात मधलीबरोबरच.

आप्पा, त्यांचे वडील, गेले त्या वर्षापासून हे असं होतं. कुठल्याशा ऑर्डरचा रंग फसला, चूक कुणाची यावरून शब्दाला शब्द वाढला आणि बोलणं तुटलं. नेमकं काय झालं होतं हे आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं. चूक कुणाची होती हे मात्र दोघंही झोपेतून उठून सांगू शकले असते. तेव्हापासून शब्द जायचे ते मधलीच्या तोंडून. ती थोरल्याहून धाकटी आणि धाकट्याहून थोरली. लग्न मोडून परत आली तेव्हा आप्पांनी तिला दोन शेडमधली ती खोली दिली आणि म्हणाले, "इथे बस, आणि दोघांचं एक करत जा."

ते तिने जीव ओतून केलं होतं. इथे तयार माल कधीच नसायचा. गिऱ्हाईक रंग सांगणार, मग विणकराकडून कापड येणार, आणि त्या एकाच गिऱ्हाइकासाठी रंग शिजणार. फसला तर दुसऱ्याच्या गळ्यात मारायची सोय नाही. रंगाच्या एका खेपेला या घरात घाणा म्हणत. कुठला घाणा वर, कुठला खाली, वाफ आधी कुणाला, माल एकत्र कधी यायचा, हे सगळं मधलीच्या डोक्यात. दोन हौदांतून निघालेलं कापड एका हौदातून निघाल्यासारखं दिसायला हवं, एवढंच तिचं काम. ऐकायला सोपं.

पडदा तिने एकाच शेडला दिला असता तर रंग बिनघोर एक आला असता. पण कुठल्या शेडला? जिला दिला नसता तिथे त्या दिवशी कुणी जेवलं नसतं. शिवाय सभागृहाच्या उद्घाटनाची तारीख डोक्यावर होती, एकट्या शेडला एवढं कापड झेपलंही नसतं. म्हणून तिने पडद्याचा डावा भाग वर दिला आणि उजवा खाली.

"आणले का?" धाकटी दारातून डोकावली. धाकट्याची बायको ती. हात अजून ओले, कोपरापर्यंत शेवाळी रंगाचे डाग. ती नवऱ्याबरोबर हौदावर उभी राहायची, वहिनीसारखी बाकावर बसणारी नव्हती.

"येतायत. बस तू."

"बसवत नाहीये, ताई."

वरच्या दारातून थोरला आणि त्याची माणसं डाव्या भागाची गुंडाळी घेऊन आली, खालच्या दारातून धाकट्याची माणसं उजवी घेऊन. धुळीचा डाग लागू नये म्हणून दोन्ही गुंडाळ्यांवर जाड कापड शिवलेलं होतं. थोरल्याने वर बघितलं.

"त्याला म्हणावं, दोर आधी बांधून घे."

धाकटा हातभर अंतरावर उभा होता आणि त्याचे कान ठणठणीत होते. तरी तो मधलीकडे बघत राहिला.

"दोर आधी बांधून घे म्हणतोय दादा."

"बांधलाय म्हणावं."

"बांधलाय म्हणतो."

बाकावर वहिनी गालातल्या गालात हसली. धाकटीलाही हसू आलं आणि तिने ते पदरात लपवलं. या एका बाबतीत दोन्ही जावांचं पहिल्यापासून एकमत होतं. मधलीही हसली. आज तिला हसायला येत होतं, कारण आज रंगाची तिला भीती नव्हती.

भीती नव्हती याला कारण होतं. सभागृहाने जुन्या पडद्याचा एक तुकडा पाठवला होता, असाच शेवाळी हवा म्हणून. आप्पांच्या रीतीप्रमाणे मधलीने तो मूळ तुकडा कात्रीने मधोमध कापला आणि अर्धा वर, अर्धा खाली, दोन्ही शेडच्या खिडकीशी ठोकून दिला. मग दोन्हीकडचे नमुन्याचे घाणे निघाले. थोरल्याचा हात जड, त्याचा रंग केसभर गडद. धाकट्याचा हात हलका, त्याचा केसभर फिका. हे गावाला माहीत होतं. तिने दोन्ही नमुने सभागृहाच्या व्यवस्थापकांकडे उरलेल्या मूळ चिंधीच्या दोन अंगांना धरून त्यांना दाखवले, आणि ते म्हणाले, एवढं चालेल, दिव्यात कळणारही नाही. मग रीतीप्रमाणे वरचा नमुना खाली आणि खालचा वर पोचवून, कामाला लागा म्हणून तिने सांगितलं. पलीकडचा नमुना फक्त माहितीसाठी असायचा. आप्पांचा दंडकच होता, जुळवायचं ते मूळ तुकड्याशी, एकमेकांशी नाही.

सभागृहाचे व्यवस्थापक वेळेवर आले. मऊ बोलणारा, थकलेला माणूस. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, वहिनीची चौकशी केली आणि उत्तरेच्या काचांकडे पाठ करून उभे राहिले.

"सोडा," मधली म्हणाली.

गुंडाळ्यांवरचं जाड कापड उसवलं, दोर सुटले आणि पडद्याचे दोन्ही भाग छतापासून जमिनीपर्यंत एकदम उलगडले. मधोमध एकमेकांना भिडले आणि हलायचे थांबले.

डावीकडे उन्हात राहिलेल्या गवताचा पिवळट हिरवा आणि उजवीकडे जवळजवळ काळा. जिथे दोन्ही कडा भिडत होत्या तिथे वरपासून खालपर्यंत सरळ रेघ, कुणी मुद्दाम आखल्यासारखी.

मधलीच्या मनात पहिल्यांदा आलं ते वेगळंच. "उलटे टांगलेत का रे? दादाचा डावीकडे हवा ना?"

"डावीकडचा माझाच आहे," थोरला म्हणाला.

"तो फिका?"

"माझाच."

तिने धाकट्याकडे बघितलं. तो त्या काळपट भागाची कड मुठीत धरून उभा होता.

व्यवस्थापक पुढे गेले. त्यांनी खिशातून मूळ तुकड्याची उरलेली चिंधी काढली, आधी डाव्या भागाला लावली, मग उजव्या. कुठेच लागली नाही. ती त्यांनी नीट घडी करून परत खिशात ठेवली.

"बाई, हे दोन पडदे आहेत," ते मधलीला म्हणाले.

"फिका परत हौदात घालून गडद करता येईल," मधली घाईने म्हणाली. "त्या दुसऱ्याइतका. दोन्ही एक होतील. थोडे दिवस द्या."

"दिवसच नाहीत माझ्याकडे, तुम्हाला ठाऊक आहे. आणि एक होऊन तरी काय? हा उजवा आमच्या रंगाच्या कुठल्या कुठे पुढे गेलाय. त्याच्यासारखा दुसरा केलात तर दोन्ही चुकीचे." त्यांना वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. "तयार पडदा घेतोय मी बाहेरून. मळखाऊ रंगाचा, जसा मिळेल तसा. खुर्च्यांचंही मग त्यालाच जुळणारं घ्यावं लागेल. माझ्या हातात असतं तर..."

त्यांनी निघताना पुन्हा सगळ्यांना नमस्कार केला. मधली त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली, वाटेत दोनदा तेच मागणं मागून बघितलं, दोनदा तेच उत्तर घेऊन परत आली. पाय ओढत चालायचं म्हणजे काय ते तिला त्या छोट्याशा वाटेत कळलं.

ती आत आली तेव्हा वहिनी बाकावरून उठलेली होती.

"उभा जन्म ऐकतेय, यांचा हात जड, यांचा हात जड," ती नवऱ्याला म्हणत होती. "माझा स्वयंपाक खारट झाला तरी म्हणता, तुझाही हात माझ्यासारखाच. मग आजच एवढा हलका कसा झाला? काय घातलंत काय हौदात? पाणी?"

थोरला गुंडाळीवरचं उसवलेलं कापड गोळा करायला वाकला.

"मुद्दाम केलंत ना? विकायचं होतं म्हणून."

"वहिनी," मधली म्हणाली.

"नाही, बोलू द्या मला. मलाही विकायचं होतं, नाही म्हणत नाही मी. पण असं नव्हतं विकायचं. बारक्या भावजींचं अन्न काढून नव्हतं विकायचं. तो माणूस वाफेवर जगतो आपल्या."

वहिनीने दिराची बाजू घ्यावी, हे या घरात पहिल्यांदाच घडत होतं. धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. मग तीही पुढे आली, पण नवऱ्याकडे वळून.

"आणि तुम्ही? मी हौदावर होते तुमच्या शेजारी. मी म्हटलं की नाही, पुरे झालं, काढा आता, खिडकीतल्या तुकड्याच्या पुढे चाललाय? म्हटलं की नाही?"

"म्हटलंस," धाकटा म्हणाला.

"मग? काय म्हणालात मला?"

"राहू दे ना आता."

"मी सांगते. म्हणाले, दादाचा गडदच येणार. तो काही बदलायचा नाही. त्याच्या शेजारी माझा फिका दिसला तर पडदा जाईल, म्हणून मीच त्याच्याजवळ जातो."

खोलीत कुणीतरी दोर सोडला होता, त्याचं टोक कप्पीतून सुटून जमिनीवर पडलं. थोरल्याने हळूच मान वर केली.

"तू माझा नमुना बघून केलास?"

तो धाकट्याला विचारत होता. थेट. मधलीने सवयीने तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटून घेतलं.

"हो," धाकटा म्हणाला. "आणि तू?"

थोरल्याने डाव्या भागाची कड हातात घेतली. "मी तुझा बघून. म्हटलं, बारक्याचा हात काही जड व्हायचा नाही. आपणच कमी करावा. अर्ध्या वाफेवर काढला सगळा."

मग सगळ्यांना एकदमच उमगलं. दोघांनी मूळ तुकडा सोडला होता, दोघं एकमेकांच्या दिशेने निघाले होते आणि वाटेत भेट न होता एकमेकांना ओलांडून पार पलीकडे गेले होते. नुसते आडमुठेपणाने आपापल्या जागी राहिले असते तरी पडदा पास झाला असता.

"मला का नाही सांगितलंत?" मधलीने विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "इकडची कपबशी तिकडे गेली तरी मला सांगता. एवढं एक मला का नाही सांगितलं?"

"तू त्याला सांगितलं असतंस," थोरला म्हणाला.

"म्हणून तर सांगायचं."

"त्याला वाटलं असतं मी नमलो."

"मलाही तेच वाटलं," धाकटा म्हणाला.

धाकटी डोळे पुसू लागली. वहिनीही पुसू लागली. मधलीच्या मनात वेडी आशा आली. पडदा गेला तर जाऊ दे, पण भाऊ बोलताहेत, एकमेकांसाठी दोघांनी आपला हात सोडला हे दोघांना कळलं आहे, आता थोरला पुढे होऊन धाकट्याच्या पाठीवर हात ठेवेल. तिने मनातल्या मनात त्याला पुढे ढकललंसुद्धा.

थोरला पुढे झाला नाही.

"म्हणजे तू धरूनच चाललास," तो म्हणाला, "की मी चुकणारच."

"मी कुठे असं..."

"माझा रंग मूळ तुकड्याला लागणार नाही, हे तू धरून चाललास. एवढी वर्षं मी हौदावर आहे, आणि तू मला सांभाळून घ्यायला निघालास."

"आणि तू, दादा? अर्ध्या वाफेवर काढलास. का? बारक्याला काही जमायचं नाही म्हणूनच ना?"

"मी तुझ्यासाठी केलं."

"मीही तुझ्यासाठीच केलं."

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"तुला कुणी सांगितलं होतं?"

आवाज चढले नाहीत. चढले असते तर मधलीला बरं वाटलं असतं, चढलेल्या आवाजांची तिला सवय होती. हे दोघं थकलेल्या माणसांसारखे खाली बघून बोलत होते, आणि दोघांनाही आपल्या चांगुलपणाचीच लाज वाटत होती. रागाचं काही करता येतं, निरोप बदलून सांगता येतो, एखादा शब्द गाळता येतो. याचं काय करायचं ते तिला माहीत नव्हतं.

"जाऊ दे," थोरला शेवटी म्हणाला. "ठरलं होतं तसं करू."

"हो. माझं काही म्हणणं नाही."

"एकदा परत..." मधलीने सुरुवात केली.

"नको, मधले. पुरे आता," थोरला म्हणाला. तेही प्रेमाने म्हणाला.

मग ते दोघं पडदा उतरवायला लागले. माणसांना त्यांनी घरी पाठवलं. एकाने दोर सोडला, दुसऱ्याने कापड झेललं, कोपऱ्याला कोपरा लावला, आणि घडी घालता घालता वाटणी होत गेली. मधली भिंतीला टेकून ऐकत होती.

"बॉयलर तू ने," थोरला म्हणाला.

"ठेवू कुठे? भंगारात दे. तांब्याची भांडी तुझ्याकडे राहू देत."

"मला काय करायचीत? मी मुलीकडे जातोय, तिच्या गावाला. हिलाही तिथेच बरं वाटेल."

"आम्ही हिच्या भावाकडे. त्याच्या कापडाच्या दुकानात माणूस हवाय म्हणतो."

"बरं होईल."

"हो. उभं राहायचं काम आहे, पण बरं होईल."

दुरून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, काय गोडीने वागतात दोघं भाऊ. वहिनी आणि धाकटी बाकावर एकमेकींना लागून बसल्या होत्या. वहिनीने धाकटीचा रंगाने माखलेला हात आपल्या हातात घेतला होता आणि तो अंगठ्याने चोळत होती, डाग जातो का बघत.

"मधली खोली?" धाकट्याने विचारलं.

"ती आवारातच येते. ती पण जाणार."

"म्हणजे ताई..."

दोघंही थांबले. एवढा वेळ ती तिथेच होती, पण तिच्याकडे त्यांनी आत्ता बघितलं.

"तिला तू ने," थोरला म्हणाला. "तुझ्यात तिचा जीव आहे. लहानपणी तू तिच्याशिवाय झोपायचा नाहीस. मी आड येणार नाही."

"असं कसं, दादा? थोरला तू. तिचा मान तुझ्या घरात. माझ्याकडे आली तर लोक म्हणतील, थोरल्याने ठेवली नाही. तूच ने तिला. मला वाईट नाही वाटणार."

"अरे, मी सोडतोय ना हक्क."

"मीही सोडतोय."

"तुला सोबत होईल तिची."

"तुला जास्त गरज आहे, दादा."

दोघंही मनापासून बोलत होते. त्यात खोट नव्हती, मधलीला ती बरोबर कळली असती. धाकटी बाकावरून उठली आणि परत बसली. वहिनीने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"दादा," मधली म्हणाली, "बारक्या, तुमच्यातल्या एकाने तरी मला मागून घ्या रे."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. थोरल्याला वाटलं आता धाकटा बोलेल, आणि धाकट्याने दादाचा मान राखून मान खाली घातली.